किल्लेदाराला पटवायचं कसं

माणसाला पटवायचं कसं, हे मी विंगेत उभा राहून शिकलो. शिकवणाऱ्या बाईला आपण कुणाला शिकवतोय याचा पत्ता नव्हता. आणि शिकलेलं मी आयुष्यात एकदाच वापरलं. कुणावर, ते पुढं येईलच. आधी धंदा सांगतो, कारण हल्ली प्रॉम्प्टर म्हटलं की लोकांना भाषण वाचायला पुढाऱ्यासमोर ठेवलेली काच आठवते. मी हाडामांसाचा प्रॉम्प्टर होतो. अंगानं किरकोळ असल्यामुळं विंगेत मावायचो, आणि तेवढीच माझी पात्रता, असं आमचे मालक चारचौघांत सांगायचे.

मालकांचं सांगलीत नाटकाच्या सामानाचं दुकान होतं. पडदे, ड्रेपरीचे पोशाख, दाढ्यामिशा, तलवारी, सिंहासन. सातारा-सांगलीकडच्या गावांत जत्रेला गावकरीच नाटक करतात. पुरुषांची कामं गावातली मंडळी करतात. बायकांच्या कामाला सांगली-मिरजेहून नटी न्यायची, सामान दुकानातून न्यायचं आणि वही धरायला माणूसही तिथूनच न्यायचा. तो माणूस मी. म्हसवडपासून कृष्णाकाठापर्यंत चाळीस वर्षं वही धरली, पण मला ओळखणारे प्रेक्षक चारसुद्धा सापडायचे नाहीत. नटांच्या बायका मात्र मला चांगल्या ओळखायच्या, कारण नवऱ्याचं काम फसलं की खापर माझ्यावर फुटायचं.

लोकांना वाटतं, नट अडला की वाक्य सांगायचं, त्यात काय एवढं. खरी अडचण वेगळीच असते. नट थांबला म्हणजे विसरला असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबलेला असतो, आणि अशा वेळी तुम्ही वाक्य सांगितलंत तर त्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. विसरलेला नट आवंढा गिळतो आणि त्याची नजर हळूच विंगेकडं येते. मुद्दाम थांबलेल्याची नजर समोरच्या माणसावरून हलत नाही. एवढं ओळखायला मला पाच-सात वर्षं लागली. त्या पाच-सात वर्षांतल्या नटांची मी इथं जाहीर माफी मागतो.

आमच्याकडं मागणी असलेलं एक फार जुनं शोकनाटक होतं. आम्ही त्याला नुसतं ‘दरवाजा’ म्हणायचो. गोष्ट सोपी आहे. गडाला वेढा पडलाय. धनी मरताना किल्लेदाराकडून वचन घेतात, की दिवस उगवेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही, कुणासाठीही नाही. मग त्याच दरवाजाबाहेर धन्यांचा मुलगा जखमी होऊन येऊन पडतो आणि हाका मारायला लागतो. आत त्याची आई, आऊसाहेब. तिनं किल्लेदाराला पटवायचं आणि त्यानं दरवाजा उघडायचा. मुलाच्या मागं अंधारात शत्रू दबा धरून बसलेला असतो. सकाळी गडावर कुणी उरत नाही. उरतात फक्त आऊसाहेब.

हे सगळं प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. निम्म्या गावानं नाटक तीनदा पाहिलेलं असतं. तरी आऊसाहेब बोलायला लागल्या की तोच प्रेक्षक मनातल्या मनात ‘उघड, उघड’ म्हणायला लागतो. लिहिणाऱ्यानं हे कसं साधलं असेल, याचा विचार मी कित्येक रात्री परतीच्या टेम्पोत पडद्यांच्या गुंडाळ्यांवर बसून केलाय.

दुसरी बाई असती तर आधी रडली असती. आऊसाहेबांचं पहिलंच वाक्य आहे, ‘दरवाजा उघडू नका, किल्लेदार.’ बिचारा किल्लेदार भांडायच्या तयारीनं उभा असतो, त्याच्या हातातली ढालच गळून पडते. मग त्या लहान लहान प्रश्न विचारतात. वचन धन्यांना दिलंत ना? धनी आपल्या माणसांसाठीच लढले ना? गड म्हणजे नुसते दगड नव्हेत, आतली माणसं, खरं ना? प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ नाहीतर ‘खरं आहे’ म्हणण्याशिवाय गत्यंतर नसतं. दहा वेळा होय म्हटलेल्या माणसाला अकराव्या वेळी नाही म्हणणं जड जातं. आणि शेवटी त्या मागतात तेही किती थोडं! दरवाजा उघडा असं म्हणतच नाहीत. म्हणतात, ‘एक माणूस आत येईल, एवढीच फट.’ गड जातो तो त्या एवढ्याशा फटीतून.

आऊसाहेबांचं काम करायच्या सुमनताई. सांगलीच्याच. घरी साध्या, बोलायला मऊ, बाजारात भाजीवालीशी भावसुद्धा करता यायचा नाही त्यांना. मी एकदा त्यांच्याबरोबर वांगी घेतली आणि मलाच लाज वाटली. पण कपाळावर आडवं कुंकू लागलं की ही बाई किल्लेदाराला चाळणीसारखी भोकं पाडून ठेवायची. मी अनेक नट्यांना वही धरली. अशी दुसरी पाहिली नाही, हे मी कुणाचीही भीड न ठेवता लिहितोय.

त्यात गंमत अशी, की नटी गावात पोचायची खेळाच्या दिवशी दुपारी. एक घाईची तालीम, की संध्याकाळी पडदा वर. म्हणजे सुमनताईंना दर गावात नवा किल्लेदार मिळायचा. कुणी सरपंच, कुणी पैलवान, कुणी शाळामास्तर. ताई दुपारी त्या माणसाला नीट बघून घ्यायच्या. हा कशाला भुलतो, कशाला लाजतो, कुठं दुखतं याला. आणि संध्याकाळी तेच शब्द त्या माणसाच्या मापानं कापून शिवायच्या. पैलवानापुढं ‘वचन’ हा शब्द सावकाश यायचा, मास्तरापुढं ‘माणसं’ हा शब्द. शब्द वहीतलेच, एक काना इकडचा तिकडं नाही. मी वही घेऊन उभा असायचो आणि मला दर वेळी वाटायचं, हे भाषण मी आजच ऐकतोय.

कृष्णाकाठच्या एका गावात किल्लेदार होते एक जैन शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. फार हळवा माणूस. बाहेरून मुलाची पहिली हाक आली आणि आण्णांनी डोळे पुसत दरवाजाच उघडून टाकला. भाषण अजून सुरू व्हायचं होतं. बाहेर आडोशाला बसलेले शत्रू चहा पीत होते, ते कपासकट दिसले. मी गारठलो. सुमनताई शांतपणे पुढं झाल्या, दरवाजा लावून घेतला आणि म्हणाल्या, ‘किल्लेदार, एवढे भोळे राहू नका. आधी माझं ऐकून तरी घ्या.’ लोक पोट धरून हसले आणि तीनच मिनिटांत त्याच लोकांना त्यांनी रडवलं. आण्णा नंतर मला म्हणाले, ‘नाना, मला वाटलं, पोराला कशाला ताटकळत ठेवायचं?’

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जत्रांचा हंगाम संपत आला होता आणि सुमनताईंच्या घशात खरखर सुरू झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्राला गाठ आहे, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, मग ऑपरेशनचं ठरवू. मधे बोललात तर आवाजाची खात्री नाही. इतकं स्वच्छ सांगितलं होतं. मी त्यांच्याबरोबर होतो. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आणि आटपाडीच्या पुढच्या एका गावचा खेळ ठरलेला होता. मालक माझ्या मागं लागले. आऊसाहेब पाठ असलेली दुसरी बाई नव्हती आणि गावानं हँडबिलं वाटली होती. खरं सांगायचं तर मालकांचं निमित्त. मलाच तो हंगाम त्या भाषणाशिवाय संपवायचा नव्हता.

मी ताईंच्या घरी गेलो. त्या मुकाट बसल्या होत्या, मांडीवर मोबाइल, बोलायचं ते त्यावर लिहून दाखवायच्या. मी बसलो आणि म्हणालो, “सुमनताई, तुम्ही येऊ नका.”

मी बोलत राहिलो. डॉक्टरांचं ऐकायलाच पाहिजे, नाही का? त्यांनी मान हलवली. एवढी वर्षं तुम्ही गावाला कधी शब्द देऊन फसवलं नाहीत, खरं ना? मान हलली. ती माणसं वर्षभर वाट बघतात, हेही खरं. मान हलली. मग मी म्हणालो, “सगळं नाटक नकोच. पहिले दोन प्रवेश मी कापतो. तालीमही नको, माइक जवळ लावतो. फक्त दरवाजाचा प्रवेश. वीस मिनिटं.”

त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. ‘पाठांतर चांगलं झालंय तुमचं.’

मी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालो. पण उठलो नाही. त्यांनी मोबाइल परत घेतला आणि दुसरी ओळ लिहिली, ‘गाडी किती वाजता?’

गावात किल्लेदाराचं काम करणारे होते बापू. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, मिशांना खळ घातल्यासारखा पीळ. वाक्यं इतकी पाठ, की माझी वही त्यांना अपमान वाटायची. दुपारी मला म्हणाले, “नाना, समदं पाठ हाय. पर एक सांगू? ह्यो किल्लेदार मला पटत न्हाई. पंचवीस वर्सं ड्यूटी किली म्या. गार्डचा मानूस असं करतच न्हाई.”

मी म्हणालो, “बापू, तुम्हाला पटायचं नाहीच मुळी. किल्लेदाराला पटायचंय.” माझ्या या उत्तरावर मी फार खूश झालो होतो.

माइक दहाच्या आत बंद करायचा नियम असल्यामुळं खेळ दिवेलागणीलाच सुरू झाला. पुढच्या रांगेत बापूंचे फौजेतले जुने सोबती कडक इस्त्रीत बसले होते. दरवाजाचा प्रवेश आला. सुमनताई उभ्या राहिल्या, पहिलं वाक्य आलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. आवाज जरा खाली होता, पण होता. प्रश्न झाले. फटीपर्यंत आल्या. आता बापूंनी म्हणायचं, ‘आऊसाहेब, मी हरलो.’

बापूंनी पुढच्या रांगेकडं पाहिलं. मग छाती काढली आणि म्हणाले, “न्हाई. आर्डर म्हंजे आर्डर.”

टाळ्या! फौजी मंडळी उभी राहिली. “बापू, उघडू नगंस!” मी विंगेतून वाक्य दिलं. पुन्हा दिलं. बापू माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमी गप बसा वो नाना,” आणि ते माइकमधून सगळ्या गावानं ऐकलं. गाव हसायला लागलं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण एकच उपाय उरला होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाला. सुमनताईंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

वहीत नसलेलं बोलत होत्या त्या. त्यांनी बापूंचाच शब्द उचलला. “हुकूम देणारे आता कुठं आहेत, किल्लेदार?”

“हुकूम देनारा ग्येला म्हून हुकूम मरत न्हाई,” बापू म्हणाले.

पुन्हा टाळ्या. आणि खोटं कशाला सांगू, त्या घडीला मीसुद्धा मनात वाहवा म्हणालो. मूळ नाटकात किल्लेदाराला एवढं चांगलं वाक्य नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, की हे नाटक शोकनाटक का आहे. एरवी आमचा किल्लेदार ठरल्याप्रमाणं हरायचा. आज पहिल्यांदा आऊसाहेबांसमोर हरायची तयारी नसलेला माणूस उभा होता.

तिसऱ्यांदा त्या बोलायला लागल्या. पहाऱ्यावरच्या सोबत्याबद्दल, बाहेर राहिलेल्या एखाद्या जिवाबद्दल, काहीतरी फार साधं. “किल्लेदार, तुम्ही कधी कुणाला बाहेर ठेवून...” आणि आवाज फाटला. आधी चिरका झाला, मग नुसती हवा आली. त्यांनी खोकून पाहिलं नाही. घशाला हात लावला नाही. त्या वळल्या, प्रेक्षकांकडं पाठ केली, दरवाजाच्या प्लायवूडवर तळवा ठेवला आणि खाली बसल्या.

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. प्रॉम्प्टरला शांतता सोसत नाही, त्याला पगारच तिच्याविरुद्ध मिळतो. पण त्यांची पाठ बघून मी वही छातीशी धरली आणि दात घट्ट मिटून घेतले. मैदानात तेवढा जनरेटरचा आवाज. फौजी मंडळीसुद्धा खाली बसली. बापू उभेच. एकदा दरवाजाकडं बघितलं, एकदा त्या बसलेल्या बाईकडं. मिशी थरथरताना मला विंगेतून दिसली. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली, आणि एकही शब्द न बोलता अडसर ओढला. फट नव्हे, सताड उघडला दरवाजा.

गावात कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या मते एखाद्या प्रवेशाला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद होती.

खेळ संपल्यावर मी बापूंना धरलं. रागही आला होता आणि ऐकायचंही होतं. म्हटलं, “एवढं बोलल्या तेव्हा ऐकलं नाहीत, मग गप्प बसल्यावर काय झालं?”

बापू मिशी काढून हातात धरून बसले होते. म्हणजे मिशीवर लावलेली वरची मिशी. म्हणाले, “ती बोलत हुती तवर मी तिला जबाब देत हुतो, नाना. ती गप झाली, मग माझा मलाच जबाब द्याया लागला.” मग विचारलं, “बाईंचा आवाज कवा येनार परत?”

आवाज परत आला नाही. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी करता येईल तेवढं सगळं केलं, पण त्या आटपाडीकडच्या वीस मिनिटांची चाळीस मिनिटं झाली होती. घोगरा, तुटका, फोनवर ओळखू न येणारा असा काहीतरी आवाज उरला. सुमनताईंनी काम सोडलं. मी आणखी एक हंगाम काढून वही मालकांना परत दिली आणि गुडघ्याचं कारण सांगितलं.

गुडघा खरंच दुखतो, पण कारण ते नव्हतं. त्यांच्या आवाजाची किंमत मला माहीत होती. डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं. आणि तरी जे भाषण मी जगातलं सगळ्यात सुंदर भाषण मानत आलो, तेच मी त्यांच्यावर वापरलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडं जात राहिलो, सणाला फराळ घेऊन, कधी मिरजेला तपासणीला सोबत म्हणून. पण ही गोष्ट तोंडातून काढली नाही. दुसऱ्याला वाक्यं सांगून पोट भरलेला माणूस मी, स्वतःचं एक वाक्य मला सुचत नव्हतं.

हा लेख लिहायचं कबूल केलं तेव्हा मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर वाटेना. गेल्या महिन्यात गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ताई, तुमचा आवाज मी घालवला. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला नेलं.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “बसा,” म्हणाल्या. मग बराच वेळ श्वास जमवून म्हणाल्या, “चूक तुमचीच होती, नाना.”

मी समोर बसलो.

“त्या दिवशी तुम्ही आऊसाहेबांचं बोलायला लागलात, ते मला ओळखू आलं होतं ना?”

“होय.”

“लिहूनही दाखवलं होतं?”

“होय.”

“मग गाडीत कोण बसलं? तिसऱ्यांदा बोलायला तुम्ही सांगितलं होतंत? वहीत होतं का ते?”

“नाही,” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, कारण आता मला समजलं होतं, ही बाई काय करते आहे. जागान् जागा मला पाठ होती. आधी कबूल करायचं, मग लहान लहान विचारायचं. शेवटी ती किती थोडं मागणार, तेही मला ठाऊक होतं.

“सगळं विसरा म्हणत नाही मी,” त्या म्हणाल्या. आता एकेका शब्दाला त्यांच्या मानेची शीर तटतटत होती. “एवढंच माना. मला... तो बापू... तो किल्लेदार मला हवा होता. जन्मभर तसला एक... मिळावा म्हणून मी...”

पुढचं नुसत्या हवेत गेलं. त्या पुन्हा श्वास घ्यायला लागल्या, पुन्हा बोलायच्या तयारीत. ते खरं होतं, की माझ्यासाठी रचलेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला.

“मानलं,” म्हणालो, “मानलं, ताई. आता बोलू नका.”